लाइट गेली काय?

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बॅलेला न्यायची कल्पना काही माझी नव्हती. पास दोन होते, नवऱ्याला ऐन वेळी पुण्याला जावं लागलं आणि घरात मोकळं माणूस एकच उरलं. वय वर्षं ७८, गुडघे ठणठणीत, कान मात्र जवळजवळ गेलेले. ४० वर्षं यंत्रमागावर काढलेल्या माणसाचे कान जसे जातात तसेच गेले. कुणी तक्रार केली नाही, कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. एक दिवस लक्षात आलं, की दारावरची बेल आता फक्त आपल्याला ऐकू येते. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अण्णा, नाच आहे. येता का?"

"लग्न कुणाचं?"

"लग्न नाही. नुसता नाच."

"गणपतीला अजून लै दिवस हाईत की."

हिशोब चुकीचा नव्हता. आमच्या सोलापुरात माणूस नाचतो तो वरातीत, नाहीतर गणपतीत लेझीम घेऊन. तिकीट काढून गप्प बसून दुसऱ्याचा नाच बघायचा, तोही बिनगाण्याचा, हे मलाच नीट सांगता येईना. शेवटी "बसायला खुर्ची आहे आणि एसी आहे" एवढंच ओरडले. त्यांनी कपाटातला पांढरा सदरा काढला.

रिक्षावाल्याला म्हटलं, बॅलेचा कार्यक्रम आहे तिथं सोडा. तो म्हणाला, "बॅलट? मतदान झालं की मॅडम." मी हसले, पण पुढे चौकातल्या फलकाकडे पाहिलं तर छापणाऱ्यानंही तीच गल्लत करून मग 'ट' वर पांढरी पट्टी चिकटवली होती.

फलकावर पुढे लिहिलं होतं, 'नवोदित नृत्यरचनाकारांची समकालीन बॅले संध्या'. नवोदित हा शब्द मी साहित्य संमेलनांच्या पत्रिकांत पुष्कळ वाचलाय. ज्याला मानधन द्यायचं नाही आणि जेवणानंतरची वेळ द्यायची, तो नवोदित. इथं तीन नवोदित होते, तिशीच्या आतले. दोघी पुण्यातल्या आणि एक मुलगा आमच्याच पूर्व भागातला, कन्ना चौकाजवळचा. पुण्यातल्या एकीची मैत्रीण माझी मुलगी, म्हणून पास.

तारीख होती २९ एप्रिल, जागतिक नृत्यदिन. १९८२पासून तो पाळतात. झाँ-जॉर्ज नोव्हेर नावाचा फ्रेंच नृत्यरचनाकार १७२७ साली या दिवशी जन्मला, म्हणून ही तारीख. बॅलेतल्या लोकांनी तोंडावरचे मुखवटे काढावेत, ते अवजड घेर आणि टोप टाकून द्यावेत, असं त्यानं १७६० साली पत्रांच्या रूपात छापून सांगितलं. अंगावरचं ओझं कमी करा म्हणणाऱ्याचा वाढदिवस सोलापूरच्या एप्रिलअखेरीला यावा, हे मला फार पटलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि चपलेखालचं डांबर अजून मऊ होतं.

सभागृहाचं नाव लिहीत नाही. एसी होता, पण तो प्रमुख पाहुणे आल्यावर लावायची तिथली पद्धत होती.

आम्ही आधी मागच्या दारानं आत गेलो. मुलीचा दुपारी फोन आला होता, "आई, ती जाड दोरा विसरलीय. सुती पाहिजे, रेशमी नको. नेऊन देशील?" सोलापुरात सुताचा तुटवडा नाही. अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात कसकसल्या रिळांचा साठा असतो, त्यातलं एक पांढरं रीळ त्यांनी स्वतःच निवडून खिशात घातलं होतं. मागच्या पायऱ्यांवर एक मुलगी बसली होती, केस घट्ट वर बांधलेले, आणि हातातला गुलाबी सॅटिनचा बूट ती सगळ्या ताकदीनं पायरीवर आपटत होती. धाड, धाड, धाड.

अण्णांनी विचारलं, "खडा गेला काय आत?"

ती हसली. बूट नवा असला की फार टणक असतो, म्हणाली, आणि रंगमंचावर टकटक वाजतो. आपटून आपटून जरा मऊ करावा लागतो. मग तिनं माझ्याकडून रीळ घेतलं आणि बुटाच्या टोकावर, जिथं सगळ्या देहाचा भार येणार तिथं, रफू करायला सुरुवात केली. गोल गोल, टाक्याला टाका लावून. टोकावर सॅटिन असतं, ते घसरतं. सुती रफूनं जमिनीवर पकड येते आणि कड लवकर फाटत नाही. ज्या बुटाची जाहिरातीत चांदण्यासारखी चित्रं असतात, त्याच्या टोकाला पुष्कळ मुली स्वतः सुई घेऊन रफू करत बसतात, हे मला ५० वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. फितीसुद्धा ज्याच्या त्यानं शिवायच्या. डावा-उजवाही नसतो बहुतेक वेळा, घालून घालून एक डावा होतो.

अण्णांनी दुसरा बूट उचलला. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, पण तिनं घेऊ दिलं. त्यांनी तो उलटा केला, आतली कड नखानं खरवडली, टोकावर टिचकी मारली, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं, त्यांना वाटतं तसं हळू, म्हणाले, "खळ आहे ही."

खळच होती. टोकाचा तो टणक डबा लाकडाचा नसतो. कापडाचे आणि कागदाचे थर एकावर एक चिकटवून वाळवलेले असतात, आणि लंडनच्या जुन्या कारागिरांकडे तो चिकट लगदा अजूनही पीठ-पाण्याचा असतो. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला जी खळ देतात, तिचीच ही लांबची बहीण. खळीशिवाय सूत मागाचा मार सोसत नाही, आणि खळीशिवाय पावलाच्या टोकावर उभं राहता येत नाही. अण्णा म्हणाले, "पाणी लागलं की गेली."

"हो ना आजोबा, घामानंच जाते. मोठ्या कंपन्यांत तर एका रात्रीत एक जोड संपतो."

ते आकडा ऐकून नाही, ओठ बघून समजले असावेत. "एका रात्रीत," ते म्हणाले, आणि बूट अगदी जपून तिच्या मांडीवर ठेवला.

आत रंगमंचावर दोन मुलं गुडघ्यांवर बसून करड्या व्हायनलच्या पट्ट्या शेजारी शेजारी अंथरून चिकटपट्टीनं जोडत होती. या पट्ट्या ते पुण्याहून टेम्पोत घालून आले होते. रंगमंच सिमेंटचा, वर फळ्या. बॅलेला खालून थोडी दबणारी जमीन लागते, नाहीतर उडीवरून खाली येताना सगळा हिसका नडगीत आणि गुडघ्यात जातो. म्हणून दुपारी जमीन बघितल्या बघितल्या तिघांनीही आपापल्या रचनेतल्या निम्म्या उड्या काढून टाकल्या होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी येणाऱ्या गावात त्यांनी चार बादल्या पाणी मागून फरशीसारखा तो मंच पुसला, आणि पुसून होईपर्यंत त्यावर पुन्हा धूळ बसली. सोलापूर आहे. बाहेर चहा पिताना कपात धूळ, घरी भाकरीत धूळ. मुलं पुन्हा पुसायला लागली.

आमच्या पिढीला बॅले हा शब्द नवा नाही, अर्थ वेगळा होता. शाळेच्या गॅदरिंगला 'शिवजन्माचा बॅले' असायचा. पडद्यामागे बाई माईकवर निवेदन करायच्या आणि पुढे आम्ही पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन गोल फिरायचो. तो शब्द अगदीच हवेतून आला नव्हता. १९२३ साली उदय शंकरांनी ॲना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीबरोबर लंडनमध्ये राधा-कृष्ण केलं, तिथून आपल्याकडे बॅले म्हणजे गोष्ट सांगणारा सामूहिक नाच हा अर्थ रुळत गेला. पुढे १९५२ साली शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचवून रामायण केलं. त्या सगळ्यात पायाच्या टोकावर कुणी उभं राहत नव्हतं. आमच्या तलवारींचं मूळ तिथं कुठंतरी असावं. मला त्या गॅदरिंगमध्ये झाडाची भूमिका मिळाली होती आणि मी ती चोख केली होती.

पाहुणे आले, एसी लागला, दीप लागला, भाषण झालं. भाषणात 'पाश्चात्त्य' हा शब्द किती वेळा आला ते मी मोजायला घेतलं आणि अकरावर सोडून दिलं.

पहिल्या रचनेबद्दल फार लिहायचं नाही. चौघी, बाखच्या चेलोच्या सुरावटी, निळा उजेड. सगळं नेटकं, सगळं सुंदर, आणि संपल्यावर मला एकही गोष्ट आठवेना. म्हणजे एक आठवते. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, आणि तिथून ऐकू येत होतं. टीव्हीवर, मोबाइलवर बॅले बघितला की मुली हवेतून चालतात असं वाटतं, कारण आवाज कापलेला असतो. इथं त्या टोकावरून खाली उतरल्या की टक्. चार जणी एका वेळी उतरल्या की चार टक्, आणि त्यातला एक किंचित उशिरा. श्वास ऐकू येत होता, नाकानं घेतलेला आणि तोंडानं सोडलेला. आपला नाच जमिनीला धरून आणि त्यांचा आकाशाकडे, असं एक वाक्य सगळीकडे म्हटलं जातं, मीही म्हणत आले. तिसऱ्या रांगेतून ते टिकत नाही. हलकेपणाच्या त्या सगळ्या कारभारात केवढं वजन होतं! शाळेत लेझीम करताना आम्ही मांड्या भरून येईपर्यंत अर्धं बसायचो, तेच अर्धं बसणं या मुली प्रत्येक उडीच्या आधी आणि नंतर करत होत्या. नाव प्लिए. फ्रेंचमध्ये वाकवलेलं, दुमडलेलं. दुमडल्याशिवाय काही वर जात नाही.

दुसरी रचना सुरू झाली तेव्हा रंगमंचाच्या मधोमध, खूप वर, एक पितळी तांब्या टांगलेला दिसला. खाली एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांना ओढत, ढकलत, तोल जायच्या अगदी काठावरून परत आणत होती. तिनं त्याचा हात धरून स्वतःला इतकं तिरकं सोडून दिलं, की माझ्या पोटात धस्स झालं. इथं प्रेमबिम काही नव्हतं. नुसता भाराचा व्यवहार. तू एवढा सोड, मी एवढा धरते. मला आवडत होतं. पण शेजारी अण्णांची मान वर, तांब्याकडे. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हा कधी पडणार?"

मागच्या रांगेतला एकजण खुदकन हसला. आणि झालं असं, की मग मीही तांब्याच बघायला लागले. तो पडला नाही.

घरी येऊन मुलीशी बोलले तेव्हा कोडं सुटलं. विल्यम फोर्साइथनं १९८७ साली पॅरिस ऑपेराच्या बॅलेसाठी एक रचना केली होती, तिचं नावच 'मधोमध, जरा उंचावर' अशा अर्थाचं. रंगमंचावर मधोमध, जरा उंचावर, सोनेरी चेरीची एक जोडी टांगलेली आणि खाली नर्तक शास्त्रीय बॅलेचा तोल ताणून ताणून तुटायला आणतायत. आमच्या तांब्याचं माहेर ते. नक्कल केली म्हणून मी त्या मुलीला नावं ठेवणार नाही. नवोदित कवीच्या पहिल्या वहीतही दुसऱ्या कुणाचा तरी पाऊस पडतच असतो. शिवाय जर्मनीत स्टुटगार्टला नोव्हेरच्याच नावानं १९५८ साली एक संस्था निघाली होती. तिचं काम, ज्यांना रचायची हौस आहे त्या नर्तकांना एक संध्याकाळ रंगमंच द्यायचा, बरं-वाईट लोकांनी बघायचं. जॉन नॉयमायर, यिरी किलियान आणि हाच फोर्साइथ, तिघांच्याही सुरुवातीच्या रचना त्या संध्याकाळींत लोकांसमोर आल्या. त्यातही कुणाकुणाचा तांब्या टांगलेला असणारच.

फक्त एक. चेरी टांगली तर बघणारा ती विसरतो. तांब्या टांगला तर सोलापूरचा माणूस पाण्याची वाट बघतो.

तिसरी रचना आमच्या गावच्या मुलाची. हा मुलगा आधी क्लासमध्ये हिपहॉप करायचा. २०१७ साली बातमी आली होती, वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह मुंबईत येहूदा माओर या शिक्षकांकडे शिकून लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. ती बातमी वाचून हा पुण्याला गेला. एकोणिसाव्या वर्षी बॅले सुरू करणं म्हणजे पन्नाशीत इंग्रजी शाळेत नाव घालणं. मांड्या खुब्यातून बाहेर वळत नाहीत, त्या लहानपणीच वळवून घ्यायच्या असतात. नर्तक म्हणून आपण कुठं पोचणार नाही हे त्याला दोन वर्षांत कळलं, म्हणून तो रचायला लागला. हे त्यानं सगळं नंतर, चहाच्या गाडीवर, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं.

त्याच्या रचनेत संगीताऐवजी मागाचा आवाज होता. खऱ्या कारखान्यात जाऊन रेकॉर्ड केलेला.

खरं सांगते, माझा जीव खाली बसला. मला वाटलं, आलं का हे पुन्हा! जुन्या गिरणीची चिमणी, गंजलेलं फाटक, बंद भोंगा, हे सगळं आता फोटोवाल्यांना फार आवडतं. १८७७ साली सुरू झालेली आमची जुनी मिल, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, ज्यांच्या घरातली चूल त्या बंद पडल्यावर विझली त्यांनी त्या चिमणीचा कधी फोटो काढला नाही. गिरणीवर हळवं व्हायला गिरणीपासून जरा लांब राहावं लागतं. हा मुलगा लांब नव्हता, पण पुण्याला आठ वर्षं होता.

पाच जणांची रचना होती, चारच आले. पाचवीला दुपारी ऊन लागलं आणि सलाइन लावलं होतं. त्यानं नव्यानं जुळवाजुळव केली नाही, तिची जागा तशीच रिकामी सोडली. चौघंजण रांगेत, मधे एक भोक. स्पीकर मोठे होते, आवाज खोल होता, खडाक् खडाक् खडाक् खडाक्, आणि तो कानांपेक्षा खुर्चीतून येत होता. मी सहज बाजूला पाहिलं. अण्णांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर सपाट ठेवले होते. मान खाली नव्हती, वर नव्हती. डोळे एका नर्तकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, रिकाम्या जागेवर क्षणभर, मग चौथ्यावर. ही नजर मी लहानपणी रोज पाहिली आहे. कारखान्यात त्यांच्याकडे चार माग असायचे आणि चारही मागांवर ते असंच बघत, कुठं धागा तुटला तर. दुपारी डबा घेऊन गेलेल्या मला ते बघत नसत. मी दारात उभी राहून हातातला डबा वर करायची, ते नजर न हलवता मान हलवायचे, मी डबा खिडकीत ठेवून परत.

सात-आठ मिनिटं झाली असतील. नर्तकांनी एकामागोमाग एक टाच उचलून टोकावर जायचं आणि हात आडवा फेकायचा, असं काहीतरी चाललं होतं. आणि आवाज गेला. एकदम, मध्येच. केबल होती की स्पीकर होता, काय होतं ते नंतरही कुणी सांगितलं नाही. दिवे तसेच चालू. नर्तक चालूच. सभागृह गप्प.

आणि त्या शांततेत अण्णा, आपल्या हिशोबानं हळू, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं, म्हणाले, "लाइट गेली काय?"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले असते, पण त्यांचा चेहरा बघितला. ते विनोद करत नव्हते. यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज एकदम थांबण्याचं कारण एकच असतं. माग थांबला म्हणजे लाइट गेली. लाइट गेली म्हणजे मजुरी गेली, कारण मजुरी कापडावर, तासांवर नाही. अंधार झाला की नाही ते त्यांच्या लेखी गौण होतं. खुर्चीच्या दांड्यांतला ठोका थांबला होता आणि समोर चार माणसं अजून कामच करत होती, हे त्यांना समजेना.

हसू ओसरलं. मग मात्र काहीतरी झालं. चौघांच्या मोजण्याचा आवाज यायला लागला, ओठांतल्या ओठांत, पाच, सहा, सात, आठ. कुणाचा तरी श्वास धापेवर गेला होता. बुटांचे टक् आता मागाच्या आवाजाखाली लपत नव्हते. डावीकडच्या मुलाची एक टाच चुकली, एक मोजणी मागे पडली, त्यानं ती पुढच्या दोन हालचालींत चोरून भरून काढली. त्यांनी एकमेकांकडे बघितलं नाही. रिकाम्या जागेपाशी मात्र दरवेळी तेवढा एक ठोका ते थांबायचे, नसलेल्या मुलीचा ठोका. आवाज होता तोवर हे मला दिसलंच नव्हतं. मी इतका वेळ गिरणी ऐकत होते.

आमच्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला एकच माणूस तो उंच काठीचा भार कमरेशी तोलून धरतो, नजर वर शेंड्याला लावून चालतो. तो चालत असताना गर्दी एका क्षणी गप्प होते, कुणी सांगत नाही. तशी ती चार मिनिटं गेली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

बाहेर आल्यावर अण्णांना चहा हवा होता. गाडीपाशी तो मुलगा उभाच होता, चेहरा पडलेला, पाठीला बॅग, शर्टाला घामाचा नकाशा. लोक येऊन त्याच्या खांद्यावर थोपटून जात होते, वाईट वाटल्यासारखं. मी म्हटलं, आवाज गेल्यावरच खरं छान झालं. तो म्हणाला, "हो ना, मलापण वाटलं. काकू, मी विचार करलालोय, पुढच्या प्रयोगात मुद्दामच मध्ये बंद करावा."

यावर माझं मत अजून ठरत नाही. जॉर्ज बॅलनशिन या नृत्यरचनाकारानं १९३४ साली अमेरिकेतली आपली पहिली रचना शिकाऊ मुलींवर केली, ती 'सेरेनाड'. पहिल्या दिवशी वर्गात सतरा मुली आल्या, म्हणून सुरुवात सतरा जणींची. एक मुलगी पडून रडायला लागली, ते ठेवलं. एक उशिरा आली, तेही ठेवलं. आज जगभर ती रचना नाचताना एक मुलगी दररोज ठरल्या जागी पडते आणि एक दररोज ठरल्या वेळी उशिरा येते. हे वाचून आधी मला भारी वाटलं, मग जरा कसंतरी झालं. ठरवून लाइट घालवली तर अण्णा पुन्हा तसं विचारतील का?

अण्णांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांनी कप गाडीवर ठेवला आणि त्या मुलाच्या दंडाला धरलं.

"माग तू दाखवलास तो?"

मुलानं मान हलवली.

"तसा नसतोय माग." आणि त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले, एक वर एक खाली. "सगळे एकदम हात टाकलालेत. मागात काही एकदम नसतंय. आधी ताणा उघडतो." तळवे सावकाश लांब गेले. "मग धोटा." आडवा धागा नेणारा धोटा म्हणून उजव्या हाताचं बोट मधून सुटलं, ते मला दिसलंसुद्धा नाही. "मग ठोका." मूठ छातीकडे आली.

मुलगा म्हणाला, "तीन." मग अण्णांना दिसावीत म्हणून तीन बोटं दाखवली.

"तीन. तू आठ का मोजलालतास?"

ओठ वाचता येणाऱ्या माणसासमोर ओठांतल्या ओठांत मोजू नये. मुलगा ओशाळला. नाचात आठच मोजतात, त्यानं खुणेनं सांगायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, सांगा ना त्यांना, तीनावर घेतलं तर ते वॉल्ट्झ होतंय." मी अण्णांच्या कानाशी ओरडले, "तीनाचा वेगळा नाच असतो म्हणतोय!"

"असू दे की. तीन सारखे कुठं असतेत?" ते पुन्हा तळवे घेऊन उभे राहिले. सावकाश उघडलं, दिसलं न दिसलं असं बोट गेलं, मूठ आली. आणि मूठ छातीशी पोचायच्या आतच तळवे पुन्हा उघडायला लागलेले होते. ठोक्याच्या पोटातच पुढचं उघडणं. मी जन्मभर त्या आवाजात वाढले आणि हे मला माहीत नव्हतं.

मुलानं बॅग खाली ठेवली. चहाच्या गाडीच्या बल्बखाली, फुटपाथच्या फरशीवर, त्यानं टाच उचलली, उघडलं, टाकलं, ठोकलं. मोठ्यानं "एक, दोन," म्हणाला आणि अडकला. पुन्हा केलं. गाडीवाला दुधाचं भांडं घासायचं थांबून बघत होता.

"ठोका लवकर," अण्णा म्हणाले. "आणि थांबू नकोस ठोक्यावर."

त्यानं पुन्हा केलं. मग पुन्हा. मग मोबाइल काढून त्यांच्या हातांचं चित्रण करायला गेला, तर त्यांनी हात खाली घेतले.

"कारखान्यात बघ की. घरी ये, घेऊन जातो. चालू हाईत अजून दोघा-तिघांचे."

"उद्या दुपारी येऊ?" त्यानं माझ्याकडे बघत विचारलं. मी ओरडून पोचवलं.

"सकाळी ये," अण्णा म्हणाले. "दुपारी लाइट जाते."